नांगर, चरक, इंजिन : कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे चरित्र

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र छापण्याचा प्रघात आहे. यंदा ते लिहिण्याची आज्ञा आम्हास झाली, आणि आम्ही जे नाव सुचविले ते ऐकून कार्यकारी मंडळातील काही बंधूंना थोडे नवल वाटले. चरित्रनायक आपल्या ज्ञातीचे नव्हेत; ठाणे जिल्ह्याशीही त्यांचा संबंध नाही. इतकेच नव्हे, तर लोखंडी नांगर गावोगाव गेला आणि आपल्या वाडवडिलांच्या हातचे काम कमी झाले, मग त्या नांगराच्या कर्त्याचे गुणगान आपण सुतार-लोहारांनी का करावे, असा रोकडा प्रश्न एका वयोवृद्ध सभासदांनी आम्हास केला. प्रश्न गैर नाही. त्याचे आमच्या अल्पमतीस सुचलेले उत्तर या लेखात ठिकठिकाणी येईल.

आपली बहुतेक कुटुंबे घाटावरून आणि कोकणातून या बाजूस आली ती पोटासाठी. अंबरनाथला कारखानदारी फार जुनी. धरमसी मोरारजी केमिकल कंपनी १९१९ साली स्थापन झाली आणि तिचा कारखाना येथे उभा राहिला. त्यानंतर काड्यापेटीचा कारखाना आला व विमको नाक्यास नाव देऊन गेला. पुढे ऑर्डनन्स फॅक्टरी आणि १९५३ मध्ये मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. पलीकडे कल्याणच्या लष्करी छावणीत निर्वासित सिंधी बांधवांची वस्ती होऊन १९४९ साली उल्हासनगर उभे राहिले, आणि त्यांच्या बराकींतून शेकडो लहान धंदे निघाले. वासला-करवत किंवा घण-सांडशी घेऊन आलेल्या आपल्या माणसांना येथे फिटर, टर्नर, मोल्डर, पॅटर्नमेकर अशी नवी नावे मिळाली. आज त्याच नावांवर पुन्हा गदा आली आहे. जुने मोठे कारखाने एकामागून एक मिटले. आनंदनगर, मोरिवली व बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत जे चालू आहेत, तेथे संगणकावर चालणारी यंत्रे आली आहेत. जो तरुण काल लेथवर हाताने माप साधत होता, त्याने आता काय करावे, ही चिंता आपल्या घराघरांत आहे. अशा वेळी, ज्यांच्या हातातला धंदा आयुष्यात चार-पाच वेळा सुटला आणि प्रत्येक वेळी ज्यांनी दुसरा उभा केला, त्यांचे चरित्र वाचणे आम्हास उपयुक्त वाटते.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यात मलप्रभेच्या काठच्या गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. मुलाने शिकून नाव काढावे अशी त्यांची स्वाभाविक इच्छा होती; पण लक्ष्मणरावांचे मन शाळेत रमेना. चित्रे काढणे आणि यंत्रांची उघडझाप करणे हेच त्यांचे दोन नाद. अखेर वडील बंधू रामूअण्णांच्या पाठिंब्याने १८८५ मध्ये ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे दोनएक वर्षे काढल्यावर असे आढळून आले, की त्यांना काही रंगांतील भेद नीट कळत नाही. चित्रकार व्हावयास निघालेल्या मुलाच्या वाट्याला रंगांधळेपण यावे, ही दैवाची थट्टाच म्हणावयाची. रंगाचे काम सुटले. रेघेचे काम हातात राहिले. यंत्रांची रेखाचित्रे काढण्यात त्यांचा हात उत्तम होता. नव्यानेच निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे साहाय्यक शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

आम्ही स्वतः आयुष्यभर खडू हाती धरला, म्हणून येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करतो. शिक्षकाने शिकवावे व घरी जावे, एवढ्यावर लक्ष्मणराव थांबले नाहीत. संस्थेच्या कार्यशाळेत लेथ होते, बाष्पयंत्रे होती. फावल्या वेळात कपडे काळे करून ते त्या यंत्रांपाशी उभे राहत आणि मिस्त्री लोकांकडून काम शिकून घेत. पांढरपेशा घरातील पदवीशून्य मास्तराने मिस्त्रीच्या हाताखाली शिकण्यात कमीपणा न मानणे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

त्याच सुमारास, १८८८ मध्ये, बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकल पाठवावी आणि रामूअण्णांनी ती बेळगावी विकावी, असा हा व्यवहार. विलायतेतही दोन सारख्या चाकांची सायकल नुकतीच रूढ होत होती, आणि डनलॉप यांनी हवेच्या रबरी धावेची युक्ती काढली ती त्याच १८८८ साली. तेव्हा हिंदुस्थानच्या एका जिल्ह्याच्या गावी या दोघा भावांनी जो माल आणला, तो जगातही नवाच होता. एका सायकलीस सातशे ते हजार रुपये पडत. बसावयास शिकविण्याचे वेगळे पंधरा रुपये. गिऱ्हाईक अर्थातच साहेब लोक व सरदार-सावकार. पण या दुकानाने नवी वस्तू लोकांच्या गळी कशी उतरवावयाची याचा पहिला धडा बंधूंना दिला. दुकान ज्या रस्त्यावर होते तो रस्ता बेळगावात किर्लोस्कर रस्ता म्हणून ओळखला जातो.

१८९७ मध्ये संस्थेत बढतीची जागा रिकामी झाली. काम पाहता ती लक्ष्मणरावांस मिळावयास हवी होती; मिळाली एका अँग्लो-इंडियन गृहस्थास. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावी आले. त्यांचे वय तेव्हा अठ्ठावीस. पदरी संसार, आणि हाती लेथवरचे कसब व रेखाचित्राची विद्या एवढेच भांडवल.

सायकलींच्या व्यापारात इतर व्यापारी शिरणार हे उघडच होते. दुसऱ्याने बनविलेला माल विकणे म्हणजे दुसऱ्याच्या ओसरीवर पथारी टाकणे. आपल्या हाताने काही घडवावे, असे लक्ष्मणरावांस वाटे. त्यांनी एक लहानसा कारखाना घातला आणि कडबा कापण्याचे यंत्र बनविले. वस्तू साधी, पण शेतकऱ्याचा कडबा वाचविणारी. त्यानंतर १९०३ च्या सुमारास त्यांनी नांगराचे काम हाती घेतले.

या नांगराविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्या ज्ञातीचा संबंध येथेच येतो.

देशावरचा जुना लाकडी नांगर हा सुताराच्या हातचा. बाभळीचे खोड पाहून, त्याच्या नैसर्गिक वाकाचा उपयोग करून तो घडवावयाचा; फाळ लोहाराने ऐरणीवर करून द्यावयाचा. मोडतोड झाली की सुताराच्या पडवीत आणून टाकावयाचा. याचा मोबदला रोख नसे. खळ्यावर बलुते मिळे. काळ्या जमिनीतील हरळी-कुंदा समूळ उपटावयाचा तर हा अवजड नांगर खोल घालावा लागे व त्यास बैलांच्या चार-चार जोड्या जुंपाव्या लागत. माती फुटे, पण उलटत नसे. लोखंडी नांगराचा पंखा माती उचलून पालथी घालतो, तण मुळासकट उन्हात पडते, आणि बैलही कमी लागतात. विलायती लोखंडी नांगर येथे येत. पण ते महाग, आणि एखादा भाग मोडला तर तो मिळावयाचा कोठून? लक्ष्मणरावांनी हे हेरले.

नांगर तयार झाला. विकला मात्र जाईना. लोखंडाने जमीन नासते, तिला विष चढते, असा शेतकऱ्यांचा समज. पहिल्या नांगरांस गिऱ्हाईक मिळण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. आपल्या शेतकऱ्यास या कारणाने अडाणी ठरविण्याची घाई कोणी करू नये. अमेरिकेत चार्ल्स न्यूबोल्ड नावाच्या माणसाने १७९७ मध्ये ओतीव लोखंडाच्या नांगराचा हक्क नोंदविला, तेव्हा तेथील गोऱ्या शेतकऱ्यांनीही जमिनीस विष होईल म्हणून तो नाकारला होता. ज्याचे वर्षभराचे अन्न एका हंगामावर अवलंबून आहे, तो मनुष्य नव्या वस्तूकडे संशयानेच पाहणार. लक्ष्मणरावांनी वाद घातला नाही. नांगर शेतात चालवून दाखविला, आणि शेतकरी ज्या तक्रारी सांगत त्या ऐकून घेऊन नांगर सुधारला.

यांतील मोठी तक्रार फाळाची. मऊ फाळ लवकर झिजे. बीड ओतल्यावर सावकाश निवाले तर मऊ राहते. तेच एकाएकी निवविले तर काचेसारखे कठीण होते. म्हणून साच्यात जेथे फाळाची धार येणार तेथे वाळूऐवजी लोखंडाचा थंड तुकडा बसवावयाचा; वितळलेला रस त्याला टेकताच धार कठीण होते आणि मागचा भाग चिवट राहतो. ओतकामातील आपल्या बंधूंना हे नवे नाही. पण त्या काळी बेळगावात हे सांगणारे कोणी नव्हते. परदेशी मासिके व पुस्तके मागवून, वाचून, आणि अनेक ओतकामे वाया घालवून ही विद्या लक्ष्मणरावांनी व त्यांच्या माणसांनी मिळविली. त्याखेरीज नांगराचा प्रत्येक भाग एका मापाचा केला, म्हणजे मोडलेला तुकडा तेवढा विकत घेऊन शेतकऱ्याने स्वतःच बसवावा.

आता सभासद महाशयांचा प्रश्न. मोडलेला तुकडा शेतकऱ्याने स्वतः बसविला, मग गावच्या सुताराने काय करावयाचे? नांगराचे काम गेले, पुढे लोखंडी चरक आला तेव्हा लाकडी घाण्याचे गेले, आणि रबरी धावेची गाडी आली तेव्हा चाकाचेही गेले. बलुते आटले. किर्लोस्करांची जी चरित्रे सर्वत्र छापली जातात त्यांत शेतकऱ्याचा संशय येतो, इंग्रज अधिकाऱ्यांचा अडथळा येतो. बलुतेदाराचा उल्लेख आमच्या वाचनात क्वचितच आला. ही उणीव आहे असे आम्ही स्पष्ट म्हणतो. यंत्राने देशाचा लाभ झाला हे जितके खरे, तितकेच त्या लाभाची किंमत कोणी दिली हेही लिहून ठेवण्यासारखे आहे.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ओतीव नांगराचा प्रत्येक भाग आधी लाकडाचा करावा लागतो. तो लाकडी पॅटर्न वाळूत दाबून साचा उमटतो, मग त्यात लोखंडाचा रस पडतो. बीड निवताना फुटामागे सुमारे अष्टमांश इंच आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा हवा. साच्यातून अलगद निघावा म्हणून त्याच्या बाजूंना किंचित उतार हवा. हे काम लाकडाची रग ओळखणाऱ्या हाताचे. म्हणजे ज्या ओतशाळेने सुताराचा नांगर घेतला, तिचे पहिले पाऊल सुताराच्या रंध्यावाचून पडत नव्हते. ज्यांना ही गोष्ट उमगली ते गाव सोडून ओतशाळांत शिरले. ज्यांना कोणी सांगितलेच नाही ते पडवीत वाट पाहत बसले. अंबरनाथ-उल्हासनगरच्या ओतशाळांत आपल्या ज्ञातीची जी नावे निघाली, ती याच वाटेने आली.

चरित्राकडे वळू. नांगराचा जम बसू लागतो न लागतो तोच १९१० साली बेळगावच्या नगरपालिकेने नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा खाली करावयास सांगितले. त्या वेळी लक्ष्मणराव औंध येथे देवीच्या देवळाच्या सभामंडपाचे काम करीत होते. संस्थानचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, गुणग्राहक व मोठे रसिक. त्यांनी ही अडचण ऐकली आणि आपल्या संस्थानात हवी ती जागा निवडावयास सांगितली; वर दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. लक्ष्मणरावांनी निवडली ती कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकरांची माळजमीन. निवडुंगाने भरलेली, सापांनी गजबजलेली. तिच्यात चांगले एवढेच होते, की शेजारून आगगाडी जात होती. कच्चे लोखंड व कोळसा आणावयाचा आणि नांगर सर्वत्र धाडावयाचे, तर रूळ जवळ हवेत, हा त्यामागील हिशेब.

मार्च १९१० मध्ये निवडुंग तोडण्यास आरंभ झाला. पुढे तेथे कारखाना, घरे, शाळा व बागा झाल्या आणि स्टेशनाचे नावही किर्लोस्करवाडी पडले. विलायतेतील साबणवाल्या लीव्हरांचे पोर्ट सनलाइट व कॅडबरींचे बोर्नव्हिल या कामगार-वसाहतींची माहिती लक्ष्मणरावांनी वाचली होती. वाडीचा कारभार रामूअण्णांनी पाहिला. त्यांना झाडाझुडपांचा भारी नाद.

लक्ष्मणरावांचे हे पहिले सोबती कोण होते, ते आमच्यासारख्या मास्तराने तरी विसरू नये. शंभूराव जांभेकर शाळेतून काढून टाकलेले; ते फोरमन झाले. के. के. कुलकर्णी परीक्षेत नापास झालेले. त्यांनी कारभार सांभाळला. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले. ते कल्पक यंत्रज्ञ निघाले. मंगेशराव रेगे यांनी हिशेब राखले. रात्रीच्या पहाऱ्यास तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग, ज्यांच्या जमातींवर सरकारने गुन्हेगार म्हणून शिक्का मारला होता. वाडीत स्पृश्यास्पृश्य भेद पाळला जात नसे. आम्ही पस्तीस वर्षांच्या नोकरीत जी मुले शेवटच्या बाकावर बसविली गेलेली पाहिली, त्यांतील कितीकांना असा मालक भेटता, असे वाटल्यावाचून राहत नाही.

१९१४ साली महायुद्ध पेटले. विलायती नांगर यावयाचे थांबले, त्यामुळे मागणी वाढली. पण लोखंड व कोळसा लढाईकडे वळल्याने कच्चा मालही मिळेना. या अडचणीत कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी पन्हाळगडावरील जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या. तोफा फोडून भट्टीत घातल्या गेल्या व त्यांचे फाळ झाले. कोणाच्या स्वप्नातही येऊ नये अशी ही गोष्ट. पण ज्यास लोखंड हवे त्याने लोखंड जेथे आहे तेथून घ्यावे, इतकाच तिचा व्यावहारिक अर्थ. युद्ध संपल्यावर १९२० च्या जानेवारीत बारा लाख रुपये भांडवलाची किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी नोंदली गेली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे पत्रक सुरू केले. मूळ हेतू मालाची माहिती देण्याचा, पण पुढे त्याचे किर्लोस्कर मासिक झाले, आणि १९३० मध्ये स्त्री व १९३४ मध्ये मनोहर निघाले. आपल्यापैकी अनेकांच्या आयांनी व आज्यांनी वाचनाची गोडी त्याच मासिकांतून लावून घेतली, म्हणून नांगराच्या कारखान्याचे हे अपत्य मराठी घरांस परके नाही.

नांगरावरच विसंबून राहावे असे अनेकांना वाटले असते. लक्ष्मणरावांनी उसाचा चरक काढला, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र काढले, हातपंप काढले. शेतकऱ्यास वर्षातून एकदाच नांगर लागतो आणि चांगला नांगर लवकर मोडत नाही. म्हणजे माल जितका चांगला तितकी पुढची विक्री कमी, हा कारखानदाराचा पेच. त्यातून सुटण्यास माल हलका करण्याची एक वाट असते. त्यांनी शेतकऱ्याच्या दुसऱ्या गरजा शोधल्या.

मुलगा शंतनुराव व पुतण्या माधव यांना १९२२ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशाळेत शिकावयास पाठविले. माधव तेथेच वारला. शंतनुराव १९२६ साली पदवी घेऊन परतले. पंप व तेलावर चालणारी इंजिने वाडीत निघू लागली ती त्याच सुमारास. विहिरीवरची मोट काढून तेथे इंजिन व पंप बसवावयाचा, ही कल्पना तेव्हा लोखंडी नांगराइतकीच विचित्र वाटली असेल. मोटेचे सुताराचे काम व चामड्याचे चांभाराचे काम त्यामुळे पुन्हा गेले, हेही येथे नोंदवून ठेवतो.

शंतनुराव आल्यावर बापलेकांत सर्व सुरळीत असेल असे समजू नये. जो मनुष्य पदवीवाचून, हाताने चाचपडत शिकला, त्याच्या कारखान्यात पदवीधर मुलगा नव्या पद्धती आणू लागला. पण लक्ष्मणरावांनी त्यास वाव दिला. कर्तबगार बापांस ही गोष्ट सहसा साधत नाही. मुलाच्या हातून काम बिघडण्याची मुभा देणे हे स्वतः काम करण्याहून अवघड असते. आमच्या पाहण्यात अंबरनाथमधील एकदोन चांगली वर्कशॉपे यंत्र जुने झाले म्हणून नव्हे, तर वडिलांनी किल्ल्या कमरेच्या सोडल्या नाहीत म्हणून बसली.

सर्वच प्रयोग फळले असे नाही. १९२९ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यास एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. वाडीत काळे नावाच्या यंत्रज्ञांनी मोठ्या परिश्रमाने असा चरखा बनविला. परीक्षेत तो सर्व अटींस उतरला नाही व पारितोषिक मिळाले नाही. तिशीच्या मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, शेतकऱ्याजवळ पैसा उरला नाही आणि नांगर गोदामात पडून राहिले. तेव्हा वाडीने पत्र्याचे व लोखंडी सामान, खुर्च्या-टेबले करून दिवस काढले. ज्या हातांनी फाळ ओतले त्यांनी खुर्च्या वाकविल्या. यात कमीपणा कसला?

१९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहर येथे लेथ बनविण्याचा कारखाना निघाला. मुंबईच्या संस्थेत दुसऱ्याच्या लेथपाशी उभा राहून शिकणारा मास्तर, आणि त्याच्या नावाचे लेथ आता देशभर जाऊ लागले. १९४६ साली पुण्यास ऑइल इंजिन्सची व बंगलोरास विजेच्या मोटारींची कंपनी स्थापन झाली. हरिहरचा तो लेथचा कारखाना पुढील काळात बंद पडला, हेही सांगणे आवश्यक आहे. नाव थोर असले म्हणून धंद्यास अमरपट्टा मिळत नाही. संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या युगात जुन्या लेथचे काय झाले ते आपल्या मुलांस पुरते ठाऊक आहे.

त्या मुलांविषयी दोन शब्द. पॅटर्नचा लाकडी ठोकळा हाताने तासण्याचे दिवस सरले, हे आम्ही जाणतो. आता संगणकावर आकृती काढतात आणि यंत्र तो ठोकळा कोरते. काही ठिकाणी ठोकळ्यावाचूनच वाळूचा साचा छापतात. परंतु बीड निवताना आजही फुटामागे तितकेच आकसते. किती वाढ ठेवावी, उतार कोठे द्यावा, रस कोठून सोडला म्हणजे पोकळी राहणार नाही, हे त्या आकृतीत कोणास तरी भरावे लागते. ज्या वडिलांनी चाळीस वर्षे पॅटर्न केले आणि ज्या मुलाने संगणकावर चित्र काढण्याचा वर्ग पुरा केला, ते दोघे एका घरात राहून एकमेकांशी या विषयावर बोलत नाहीत, असे आम्ही आपल्याच ज्ञातीत पाहतो. वडिलांस वाटते, यंत्राने आपली विद्या मोडीत निघाली. मुलास वाटते, म्हाताऱ्याकडून काय शिकावयाचे? लक्ष्मणरावांनी रेखाचित्र कलाशाळेत घेतले, लेथ मिस्त्रीकडून घेतला, फाळाचे गुपित परदेशी कागदांतून घेतले आणि फाळाचे दोष शेतकऱ्याकडून. यांपैकी एकही दार त्यांनी आपल्यासाठी लहान मानले नाही. मंडळाने उन्हाळ्याच्या सुटीत आपल्या निवृत्त कारागिरांचा आणि तरुण मुलांचा एकत्र आठवड्याचा वर्ग घ्यावा, अशी सूचना आम्ही लेखी दिली आहे; सभागृह त्या दिवसांत रिकामेच असते.

उत्तरायुष्यात लक्ष्मणरावांनी कारभार मुलांच्या हाती सोपविला. वाडीची माणसे त्यांना पपा म्हणत. आद्याक्षरे जुळवून लकाकि असेही म्हणत. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचे फार मोठे नुकसान झाले. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. ज्या माळावर निवडुंग तोडून सर्व उभे केले तेथे जळकी छपरे पाहण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला. ज्ञातीच्या नावाने माणसे एकमेकांस कशी परकी होतात याचे ते दुःखद उदाहरण होते. कारखाना पुन्हा चालू झाला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीस, २० जून १९६९ रोजी, भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. किर्लोस्करवाडी हे पुणे-मिरज मार्गावरील स्टेशन आहे, आणि वाडीत पंप बनविण्याचे काम चालू आहे. नांगर तेथे आता मुख्य माल नाही.